रफार

बार असोसिएशनचा निरोप आला : शोकठराव टाइप करा,
एका पानात बसवा, पाच वाजता सभा आहे.
मी मशीनवरचं मेणकापड काढतो.
मुरुडच्या कोर्टाबाहेर, बदामाच्या झाडाखाली,
एकतीस वर्षं
बाईंचे कागद मी याच मशीनवर बडवले.

अ‍ॅडव्होकेट रुकय्या याकूत सिद्दी.
तालुक्यातल्या सिद्द्यांतली पहिली वकील,
बायकांतलीही पहिली.
कोट मात्र एकच होता, उसवलेल्या खिशाचा.

पहिल्या दिवशी शिपायाने त्यांना
पिंजऱ्याकडे बोट दाखवलं : "आरोपींनी तिकडे."
"आरोपीसाठीच आले," बाई म्हणाल्या,
"पण उभी इकडे राहणार."

किल्ला बघून आलेले पर्यटक
ओल्या पायांनी, शहाळं धरून विचारायचे :
तुम्ही नवाबाच्या घराण्यातल्या का?
नाही. नवाबाच्या घोड्यांना पाणी दाखवणाऱ्याच्या.
त्याचा आजा कुठल्या बंदरात गलबतावर चढला
की चढवला गेला,
त्याचा सातबारा निघत नाही, म्हणायच्या,
म्हणून मी दुसऱ्यांचे काढते.

पंचाऐंशी साली माझ्या मशीनचा रफार तुटला.
अर्ज टाइप केला की उमटायचं अज.
मी घाबरलो. बाई, अज म्हणजे बोकड.
"असू दे, कासेकर. इथं येतं ते कापायलाच."
आणि निळ्या शाईने
एकेका शब्दावर रफार देत बसल्या,
मूळ प्रतीवर, मग तिन्ही कार्बन प्रतींवर.
कोर्टचा कोट झालेला त्यांना चालायचा,
समोर पाण्यात एक आहेच, म्हणायच्या.
पण एकदा कोळ्यांच्या अर्जात दर्याची दया झाली
तेव्हा फाईल माझ्या अंगावर भिरकावली.
"दया कुणी मागितली? दर्या लिहा!"
दुपारी सोलकढीचा तांब्या पाठवला,
माफी वगैरे नाही.
नवीन रफार बसवायला मी अलिबागला जाणार होतो.
गेलो नाही.

एकदऱ्याच्या बायांचा दावा.
वाळूवर हॉटेलवाल्याने कुंपण घातलं,
म्हणाला, मोकळी जागा, इथं कुणाचं काय होतं?
धाकलीबाई मकू साक्षीला उभी. कागद एकही नाही.
बाईंनी जज्जसाहेबांच्या टेबलावर रुमाल सोडला,
आत मूठभर वाळू.
"वास घ्या, साहेब."
तीन पिढ्यांचा जवळा होता त्या वाळूत.
साहेबांनी नाकाला हात लावला
आणि तारीख दिली.

तो दावा बाई हरल्या.
अलिबागलाही हरल्या.
(हे ठरावात नको, सेक्रेटरी म्हणाले.)
पण ओहोटीला त्या बाजूला गेलात तर बघा,
कुंपणाच्याच खांबांना वलांडी बांधलीय,
बोंबील लटकतायत तोंडात तोंड घालून.
बाया सांगतात, वकीलबाई बोलल्यात,
अपील चालू आहे तोवर वहिवाट सोडायची नाही.
अपील कुठे चालू आहे
कुणालाच माहीत नाही.

गेल्या जुम्याला, असरनंतर, माती दिली.
कोळणी कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर थांबल्या,
पाट्या डोक्यावरून उतरवून.
त्यातली एक मला विचारत होती,
आता आमचा कागद कोण वाचणार?
मी टायपिस्ट. मी काय सांगणार.

पाचाला दहा मिनिटं आहेत.
ठराव निघाला, एका पानात बसला :
मरहूम सिद्दी यांच्या कतृत्वास सवानुमते...
आता सगळे कॉम्प्युटरवर काढतात,
तिथं रफार आपोआप बसतो.
माझ्याकडे निळी शाई नाही.
लाल आहे, टोपण चावलेलं पेन.
कर्तृत्वावर एक देतो. सर्वानुमतेवर एक.
कोट होता, त्याचं कोर्ट करतो.
आत खुर्च्या सरकवल्याचा आवाज,
कुणीतरी हाक मारतं, "कासेकर, झालं का?"
अजून तिन्ही कार्बन प्रती बाकी आहेत.